मायेची ऊब, ताशी किती रुपये?

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की आपल्या मोबाइलवर दरवर्षी तेच पीक येतं. एक जुनी गोधडी, तिच्यावरून हळूहळू सरकणारा कॅमेरा, मागे बासरी आणि खाली ओळ : 'आईच्या मायेची ऊब'. त्याखाली बदामांचा पाऊस. कुणी लिहितं, 'हजारोंच्या ब्लँकेटलाही ही सर नाही.' कुणी उसासा टाकतं, 'आता कोण शिवतंय अशा गोधड्या!'

शिवतात की. मी ताथवड्यात राहतो. इथं वीस-बावीस मजली टॉवरांच्या मधे जुनं गावठाण अजून शिल्लक आहे. तिथं आणि शेजारच्या पुनावळे-मारुंजीत गोधडी शिवून देणाऱ्या बाया आहेत. ब्लँकेटला गोधडीची सर नाही असं म्हणणारी माणसं त्यांच्या दारात गेली, की त्यांचं पहिलं वाक्य असतं, "मावशी, जुन्या साड्याच तर आहेत, त्याचे एवढे कसे?"

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि त्या वाक्याच्या मुळाशी असलेल्या, दिसायला अगदी गोड असलेल्या 'माया' या शब्दाविरुद्ध आहे. गोधडीचं जेवढं नुकसान मिंक ब्लँकेटनं केलं नसेल तेवढं या शब्दानं केलंय, असं माझं म्हणणं आहे. कारण माया मोजायची नसते. आणि जे मोजायचं नसतं, त्याचे पैसेही द्यायचे नसतात.

बोचकं आणि तीन अर्धवट कामं

व्यवसायानं मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेली चार वर्षं रात्री आणि शनिवार-रविवारी शिवतो. सध्या माझ्याकडे तीन कामं अर्धवट पडली आहेत.

पहिलं टीशर्टांचं. हिंजवडीत चार-पाच वर्षं काढली की पगारापेक्षा जास्त वेगानं कपाटात टीशर्ट साठतात. हॅकेथॉनचे, टीम आउटिंगचे, कधीच बंद पडलेल्या प्रॉडक्टच्या लाँचचे. हे कापड होजिअरीचं. ताणलं की लांबतं, कापलं की कडा गुंडाळतात. म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून इस्त्रीनं बुकरम चिकटवावं लागतं, तेव्हा कुठे तो चौकोनी राहतो. दुसरं काम 'लॉग केबिन' नावाच्या अमेरिकी नमुन्याचं. मधे एक छोटा चौकोन, त्याच्याभोवती फेर धरत लावलेल्या पट्ट्या, एका अंगाला उजळ रंग आणि दुसऱ्या अंगाला गडद. हे मशीनवर चाललंय. तिसरी आपली साधी गोधडी. दोन नऊवारी लुगडी, खाली मांजरपाटाचं अस्तर, सगळी हातशिलाई.

क्विल्टिंगच्या जगात साठवलेल्या कापडाला 'स्टॅश' म्हणतात आणि लोक तो काचेच्या कपाटात रंगांच्या क्रमानं लावून ठेवतात. माझा बेडच्या खालच्या कप्प्यात कोंबलेला आहे. आपल्याकडे त्याला बोचकं हा जुना शब्द आहे. माझ्या बोचक्यात पिंपरी कॅम्पातून आणलेले सुती तागे आहेत, शिंप्याकडची कात्रणं आहेत, उसवलेल्या परकरांचे घेर आहेत.

तीन कामांत सर्वांत अवघड कोणतं? बघणाऱ्याला लॉग केबिन वाटतं, कारण त्यात भूमिती दिसते. खरं अवघड काम गोधडीचं आहे. परदेशी क्विल्ट बहुतेक वेळा मधून सुरू करून कडेकडे शिवत नेतात, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात आणि शेवटी कडेला वेगळी पट्टी लावून सगळं झाकता येतं. आपल्या हातशिलाईच्या गोधडीत बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. कडा आधी आत दुमडून बंद करायच्या आणि मग चौकटीत चौकट घेत धावदोरा आत आत न्यायचा. शिलाई मधोमध संपते. थर अंथरताना कुठे बोटभर कापड जास्त राहिलं असेल, तर ते पळत पळत मध्यात येऊन फुगतं आणि तिथं ते लपवायला जागा नसते. थोडक्यात, सगळी परीक्षा पहिला टाका घालायच्या आधी, फरशीवर सहा थर अंथरतानाच होते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बाया त्यांची कवंदी अशाच पद्धतीनं कडेकडून आत शिवत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. म्हणजे या कामाला शास्त्र आहे, घराणी आहेत, 'झालं' कशाला म्हणायचं याचे नियम आहेत. 'आजी बसल्या बसल्या काहीतरी शिवायची' या वाक्यात यातलं काहीही मावत नाही.

टाका एक, नावं चार

सुई कापडात खाली जाते, वर येते. यापलीकडे धावदोऱ्यात काही नाही. पण ही सुई कुणाच्या हातात आहे यावर त्या टाक्याचं नाव ठरतं.

आईनं घातला तर माया. गावठाणातल्या मावशींनी घातला तर मजुरी, आणि तिच्यात घासाघीस. मी घातला तर छंद. तोच टाका परदेशातल्या दुकानाच्या काचेमागे गेला की कला.

मी शिवतो हे ऑफिसात कळलं तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं ते सांगतो. 'भारी रे, स्ट्रेसबस्टर आहे.' 'किती पेशन्स लागत असेल!' 'एक्झिबिशन लाव ना.' एकानंही 'तुझ्या मायेची ऊब' असं म्हटलं नाही. पुरुषाच्या हातातल्या सुईला लोक चटकन कौशल्य म्हणतात. ही काही आजची गोष्ट नाही. शिंप्याच्या दुकानात भिंतीवर दरपत्रक असतं : शर्ट इतके, पँट इतके, अल्टर करायचे इतके. त्या दुकानात उभं राहून 'मामा, शिलाईच तर आहे' असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. मोजमाप, दर, तारीख, पावती, सगळं तिथं आहे, कारण ते दुकान आहे. गोधडी मात्र ओसरीवर शिवली जाते. ओसरीवर दरपत्रक नसतं.

मी आयटीत काम करतो, म्हणून मला याची जास्त चीड येते. आमच्या धंद्यात टाइमशीट नावाचं एक दैवत आहे. दर शुक्रवारी ते भरावं लागतं. कुठल्या क्लायंटच्या कुठल्या कामाला किती तास. बग शोधण्यात गेलेले तास लिहायचे, मीटिंगचे लिहायचे, काही न करता दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेले तासही कुठल्यातरी खात्यात टाकायचे. जे टाइमशीटवर नाही ते घडलंच नाही, असं मानून या पट्ट्यातल्या हजारो जणांचे पगार निघतात. संध्याकाळी हीच माणसं कॅबमध्ये बसून गोधडीची रील बघतात आणि 'हे मोजता येत नाही' म्हणून गहिवरतात.

मोजता येतं. चला, मोजूया.

हिशोब

माझी तिसरी गोधडी पाच फूट बाय साडेसात फुटांची आहे, म्हणजे ६० इंच बाय ९० इंच. क्षेत्रफळ ५,४०० चौरस इंच. धावदोऱ्याच्या ओळींमधलं अंतर पाऊण इंच, साधारण एका बोटाच्या रुंदीचं. क्षेत्रफळाला या अंतरानं भागलं की शिलाईची एकूण लांबी मिळते : ७,२०० इंच. म्हणजे ६०० फूट. म्हणजे १८० मीटरहून जास्त. इंचाला तीन टाके धरले तर एकूण २१,६०० टाके.

एका नऊवारीत या मापाचे जेमतेम अडीच थर निघतात. दोन लुगड्यांचे पाच आणि एक अस्तर, अशा सहा थरांतून सुई जाते. माझा वेग मिनिटाला बारा टाके. म्हणजे तीस तास. सरावलेला हात मिनिटाला वीस घालतो असं धरू. तरी अठरा तास. त्यात लुगडी धुणं, उसवणं, फाटका भाग काढणं, थर अंथरणं आणि टाचणं यांचे चार तास धरा. बावीस तास झाले. आठ तासांच्या दिवसानं पावणेतीन दिवस.

आता दर. राज्यात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरलेला होता. हा अकुशल कामाचा दर आहे, म्हणजे ज्याला कुठलंही कसब लागत नाही असं सरकार मानतं त्या कामाचा. या दरानं एका गोधडीची मजुरी ८५८ रुपये होते. सहा थर सुरकुती न पाडता अंथरणाऱ्या बाईला खड्डा खणायला आलेल्या नवख्या माणसाइतकंच मोजलं, तर ८५८. याच्या वर कसबाचे पैसे वेगळे.

गावठाणातल्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, एका गोधडीचे किती घेता?"

"द्या काय द्यायचं ते."

"तरी पण?"

"घरचंच समजा. तुम्हाला काय जास्त सांगायचं?"

बरंच खोदल्यावर आकडा आला पाचशे. दोरा त्यांचा. बावीस तासांनी भागा. ताशी तेवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.

'द्या काय द्यायचं ते' या वाक्यावर एक अख्खं पुस्तक लिहिता येईल. हे वाक्य शिंपी म्हणत नाही, प्लंबर म्हणत नाही, सोसायटीत पाण्याचा टँकर आणणारा तर नाहीच नाही. ज्या बाईला आयुष्यभर सांगितलं गेलंय की तुझं शिवणं ही माया आहे, तिच्याच तोंडून ते येतं. भाव सांगायची लाज तिला आपण शिकवली. आणि वर त्या लाजेला साधेपणा म्हणून दाद दिली.

हातचं काम मोजता येत नाही, असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. रोजगार हमीचा कायदा या राज्यानं १९७७ साली केला, देशानं त्यानंतर जवळपास तीन दशकांनी. त्या कामांवर खोदलेली माती घनमीटरमध्ये मोजतात. माती मऊ आहे, मुरूम आहे की कठीण खडक, यावर दर बदलतो. डोक्यावरची पाटी किती लांब वाहून नेली तेही धरतात. ज्या राज्याला खडक आणि मुरुमातला फरक कागदावर मांडता येतो, त्याला सहा थरांतला टाका आणि दोन थरांतला टाका यांतला फरक मांडता येत नाही, हे पटण्यासारखं नाही.

घरातली गोधडी

'पण आम्ही विकत घेण्याबद्दल बोलतच नाही, घरच्या गोधडीबद्दल बोलतोय,' असं कुणी म्हणेल. बरं, घरचं बघू.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. घरची गोधडी या पाच तासांतून किंवा ते संपल्यावर उरलेल्या वेळातून निघते. 'दुपारी आई निवांत गोधडी शिवत बसायची' असं आपण आठवतो. त्या दुपारी ती निवांत नव्हती. काम करत होती.

शिवून झाल्यावरही काम संपत नाही. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची आपल्याकडे रीत आहे. सहा थरांची ओली गोधडी एकट्यानं पिळून बघा. दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ दिला तरी पाणी निथळत राहतं. पूर्वी नदीवर खडकांवर वाळत घालत. आता टॉवरात राहणाऱ्या सासूबाईंना सोसायटीचा नियम दाखवतात : बाल्कनीच्या कठड्यावर अंथरूण-पांघरूण वाळत घालू नये, इमारत वाईट दिसते. म्हणजे भिंतीवर फ्रेम केलेली गोधडी चालते, कठड्यावर वाळणारी चालत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न : आता आईच्या प्रेमाचंही बिल करायचं का?

याला उत्तर द्यायला आपल्या औद्योगिक पट्ट्याइतकी चांगली जागा नाही. भोसरीत, चिंचवडला, चाकणला किती तरी बापांनी मुलीच्या फीसाठी, मुलाच्या सायकलसाठी ओव्हरटाइम केला. ते प्रेमच होतं. म्हणून कुठल्या कामगारानं सांगितलं का, की मी हे मुलांसाठी करतोय, ओव्हरटाइमचे पैसे नकोत? उलट १९४८च्या फॅक्टरी कायद्यात जादा तासांना दुप्पट दर लिहिलेला होता. बापाची माया डबल रेटनं मोजली गेली. आईची मोजलीच तर बदामांत मोजली गेली.

पैसे मोजल्यानं बापाचं प्रेम कमी झालं नाही. मग आईचंच कसं होतं? आईनं नातवाला गोधडी दिली तर तिनं बिल करू नये, हे मलाही कळतं. पण भेट ही भेट तेव्हाच असते, जेव्हा त्या वस्तूला किंमत असते आणि देणारा ती सोडतो. जिची किंमतच शून्य धरली, ती वस्तू दिली काय आणि न दिली काय. आईच्या गोधडीला खरंच मोठं म्हणायचं असेल, तर शेजारच्या मावशींच्या गोधडीला भाव द्या. त्या भावावरूनच कळेल की आईनं तुम्हाला काय दिलं होतं.

कापड फुकट, मग उरलं काय?

'जुन्या साड्याच तर आहेत' या वाक्यातली गंमत बघा. कापडाची किंमत शून्य आहे हे मान्य करून टाकू. घरात जुनी साडी पडून होती, बोहारणीला दिली असती तर एखादं स्टीलचं पातेलं आलं असतं. ते नाही तर मऊ सुती चिंधी म्हणून ती कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये मशीनचं तेल पुसायला गेली असती. ठीक. पण कापड शून्याचं असेल, तर तयार गोधडीत जी काही किंमत आहे ती सगळीच्या सगळी श्रमाची आहे. पैठणीचा भाव सांगताना रेशीम आणि जरीची तरी सबब असते. गोधडीत तीही नाही. श्रमाचे पैसे नाकारले की सगळंच नाकारलं.

आणि कापडही आता तितकं फुकट राहिलेलं नाही. गोधडीला लागतं ते वापरून मऊ झालेलं सुती लुगडं. घरोघरच्या साड्या सिंथेटिक झाल्या. सिंथेटिक साडी थरांमधे घसरते, घाम शोषत नाही, टाका ओढला की चुण्या पडतात. जीन्सचे थर घेतले तर सुई वाकते. म्हणजे मावशींकडे आज जे बोचकं येतं त्यातलं अर्धं कामाचं नसतं, आणि निवडण्याचे तासही त्यांचेच.

आम्हा हौशी मंडळींना

आता माझ्या जातभाईंकडे वळतो. टॉवरात राहणारे, शनिवारी शिवणारे, रोटरी कटर आणि हिरवी कटिंग मॅट बाळगणारे हौशी क्विल्टर.

आपण नवं कोरं कापड विकत घेतो, त्याचे तुकडे करतो आणि ते तुकडे पुन्हा जोडतो. 'फॅट क्वार्टर' म्हणून १८ बाय २२ इंचांचे तुकडे आधीच कापून विकतात, म्हणजे कापायचेही कष्ट नकोत. यात मजा आहे, आणि मजेसाठी केलेल्या गोष्टीचा हिशोब कुणाला द्यायची गरज नाही. पण त्याला 'पर्यावरणपूरक' म्हणू नये आणि 'आजीचा वारसा' तर अजिबात म्हणू नये. आजीकडे कापड नव्हतं म्हणून तिनं तुकडे जोडले. आपल्याकडे कापड जास्त झालंय.

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. शहरात 'गोधडी वर्कशॉप' होतात. दोन-तीन तास, कापडाचा किट, मधे कॉफी. एका माणसाची फी बघितली तर ती एका अख्ख्या गोधडीच्या मजुरीपेक्षा जास्त निघते. शिकवायला कोण असतं? आमच्यासारखाच कुणीतरी, जो व्हिडिओ बघून शिकला. ज्या बाईनं आयुष्यात शेकडो गोधड्या शिवल्या, तिचा स्लाइडवर एक हसरा फोटो असतो. गोष्ट तिची, फी आपली. क्लायंटला ज्युनिअरचं काम सीनिअरच्या दरानं लावणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये शिव्या घालतो. हे त्याहून वाईट आहे, कारण इथं सीनिअरला बिलातूनच वगळलंय.

'मग कला म्हणा ना!'

मायेच्या पुढची पायरी म्हणून काही जण सुचवतात : गोधडीला कलेचा दर्जा द्या, प्रदर्शनं भरवा, पुरस्कार द्या, सगळं आपोआप होईल. बंगालकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या नक्षी कांथ्याला जीआय मानांकन आहे. कांथा शिवणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ साली आणि तकदीरा बेगम यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. चांगलंच झालं. धावदोऱ्याला राष्ट्रपती भवनापर्यंत जाता येतं हे सिद्ध झालं. पण मान आणि मजुरी या दोन वेगळ्या रांगा आहेत. एका रांगेत पुढे गेलं म्हणून दुसऱ्या रांगेत नंबर लागत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यातल्या नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांच्या लेकी-सुना तिथं कामाच्या जुन्या पँटी, पिठाच्या पिशव्या जोडून पांघरुणं शिवत आल्या. १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि आपलं काम शहरांत विकायला सुरुवात केली. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत जीज बेंडच्या क्विल्ट भिंतींवर लागल्या. २००६ साली अमेरिकी टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. याहून मोठी कीर्ती काय असते? आणि २००७ साली त्यातल्याच काही बाया कोर्टात गेल्या. आमच्या कामाचा आणि नावाचा वाटा आम्हाला नीट मिळाला नाही, असा त्यांचा दावा होता. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला.

कोर्टात कुणाचं किती खरं होतं, यात मला शिरायचं नाही. शिकायचं ते एवढंच, की कलेचा दर्जा मिळाल्यावरही प्रश्न पैशाचाच राहिला. त्या गावच्या कहाणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तारीख २००२ नाही, १९६६ आहे. तेव्हा बाया एकत्र बसल्या आणि त्यांनी भाव ठरवला.

दर वाढला तर घेणार कोण?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. ऑनलाइन छापील पांघरूण काही शे रुपयांत घरपोच येतं. मशीनवर सरळ रेषा मारलेली 'गोधडी' त्याहून थोडी वर. मग हातशिलाईला हजार-बाराशे कोण देईल?

सगळे देणार नाहीत. देऊही नयेत. ज्याला फक्त थंडी घालवायची आहे त्यानं खुशाल ब्लँकेट घ्यावं, ते चांगलंच असतं. मशीनची गोधडीही चांगली, फक्त तिच्यावर 'मशीनची' असं लिहावं. पण ज्याला हाताचीच हवी आहे, त्यानं हाताचे पैसे द्यावेत. घेणारे कमी झाले तरी चालेल. आज ताशी तेवीस रुपयांनी तरी कुठे रांग लागलीय?

आणि 'नव्या पोरींना शिकायचंच नाही' ही तक्रार तर ताबडतोब बंद व्हावी. मावशींची मुलगी समोरच्या टॉवरात हाउसकीपिंगला जाते. तिथं हजेरी लागते, महिन्याच्या महिन्याला पगार येतो. तिनं ती नोकरी सोडून तेवीस रुपयांवर सुई धरावी, असं सांगणारा माणूस स्वतः मात्र वीस टक्क्यांच्या हाइकसाठी कंपनी बदलतो. त्या मुलीनं गणित बरोबर केलंय. बदलायचं असेल तर गणितातले आकडे बदला.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, मोजा. सूत्र सोपं आहे : लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर. तिन्ही इंचांत. उत्तराला बारानं भागलं की फूट मिळतात. वरच्या हिशोबानं ६०० फुटांचे ८५८, म्हणजे १०० फुटांना १४३ रुपये. हा तळ आहे, सरकारी अकुशल दराचा. यावर कसबाचे, दोऱ्याचे, जाड थरांचे वेगळे लावा. दाट शिलाई हवी असेल तर ओळींमधलं अंतर निम्मं होतं आणि लांबी दुप्पट. 'जरा दाट शिवा हं मावशी' हे वाक्य किती रुपयांचं असतं ते त्यामुळे आपोआप कळतं.

दुसरी, तुम्ही विकत असाल, भेट देत असाल, किंवा स्वतःची शिवली असेल, तर कोपऱ्यात एक पट्टी शिवा. तिच्यावर 'मायेनं बनवलेलं' असं लिहू नका. शिवणारीचं नाव तिला विचारून लिहा, आणि तास लिहा. बावीस तास. हे वाचून अंगावर घेणाऱ्याला ऊब कमी लागणार नाही.

तिसरी, वर्कशॉप भरवणाऱ्यांनी शिकवायला त्या बायांनाच बोलवावं आणि फीचा मोठा वाटा त्यांना द्यावा. आपण खुर्च्या लावाव्यात. सोसायट्यांनी क्लबहाउस आठवड्यातून एक दुपार उघडावं. सहा थर अंथरायला फरशी लागते, ती गावठाणातल्या एका खोलीत नसते आणि आपल्याकडे रिकामी असते. आणि नवरात्राआधीचे पंधरा दिवस तरी तो कठड्याचा नियम गुंडाळून ठेवावा.

चौथी, मुलग्यांनो, शिवायला शिका. छान छंद आहे म्हणून तर शिकाच. पण दुसरंही एक कारण आहे. स्वतः सहा थरांतून दोनशे टाके घातल्यावर बोटाला जे होतं ते झालेला माणूस घासाघीस करत नाही.

ज्या मावशींनी 'द्या काय द्यायचं ते' म्हटलं होतं, त्यांना मी लुगड्यांची दुसरी जोडी शिवायला दिली आहे आणि आमचं आता तासावर ठरलं आहे. त्यांना आधी ते विचित्र वाटलं.

"तासावर? मग मधे चहाला उठले तर?"

"चहाचाही लावा. आमच्या ऑफिसात लावतात."

त्या बराच वेळ हसल्या. मग आत जाऊन नातीची जुनी वही घेऊन आल्या, मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी तारीख लिहिली आणि तिच्यापुढे, अगदी सावकाश, 'साडेतीन ते सहा'.